मुंबई कोणी घडवली? सातवीच्या मुलांना हे कसं शिकवायचं (मोठा धागा आहे, वेळ काढून वाचा)

फळा_खडू

नमस्कार मंडळी. मी उपनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवते, सहावी ते आठवी. आमच्याकडे दरवर्षी "आपली मुंबई" असा प्रकल्प असतो आणि तो दरवर्षी एकाच साच्यातून निघतो, म्हणजे एक मुलगी कोळीण, एका मुलाला पारशी टोपी, एक गुजराती शेठ, कोणीतरी दाढी लावून बोहरी, सगळे स्टेजवर येऊन दोन दोन वाक्यं म्हणणार, मग हात धरून गाणं, पालकांचे फोटो, संपलं. मुलांना मजा येते, त्याला माझा विरोध नाही. पण यातून त्यांना एवढंच कळतं की प्रत्येक समाजाचा एक पोशाख असतो आणि एक पदार्थ असतो. हे लोक एकमेकांच्या संगतीने काय करत होते, कोणाच्या मेहनतीवर कोण मोठं झालं, भांडणं कशावरून झाली, शहरावर वेळ आली तेव्हा कोण टिकून राहिलं, यातलं काहीच नाही.

म्हणून यंदा सातवीच्या वर्गात समाजांची यादी घ्यायचीच नाही असं ठरवलं. एक घटना घ्यायची आणि त्यात कोण कोण होतं ते मुलांनी शोधायचं. घटना घेतली १८९६ चा प्लेग. मांडवीची धान्याची गोदामं, उंदीर, आणि सप्टेंबरमध्ये ताप आणि गाठी आलेले रुग्ण बघून हा प्लेग आहे असं ठामपणे सांगणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस, मूळचे गोव्याचे. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आमच्या अर्ध्या पालकांनी त्यावरचं नाव कधी वाचलेलं नाही.) लस शोधायला आला वाल्डेमार हाफकिन, ओडेसात जन्मलेला ज्यू. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या जेमतेम जागेत त्याने काम केलं आणि १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते तेव्हा खोजा मुसलमानांचे धर्मगुरू आगाखान यांनी चारचौघांत लस घेतली, खोजांनी बघावं म्हणून. गिरणी कामगार हजारोंनी कोकणात आणि घाटावर पळाले, मागे उरलेल्यांना ओढायला गिरण्या रोजच्या रोज पैसे वाढवून द्यायला लागल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर (आजचं कस्तुरबा) हल्ला केला, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही असा समज झाला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात विणकर कुटुंबातल्या आजारी मुलीला तपासायला आलेल्यांना लोकांनी अडवलं, त्यातून दंगल पेटली आणि त्यात हिंदू मुसलमान दोघेही सरकारी पथकांविरुद्ध होते.

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई सगळे पळाले तर संडास कोण साफ करत होतं? तेव्हा मुंबईत मैला उचलणारे हलालखोर होते, आणि नगरपालिकेला सगळ्यात मोठी धास्ती हीच होती की हे लोक निघून गेले तर शहर राहण्याच्या लायकीचं उरणार नाही. ते बहुतेक थांबले. त्यांचा पुतळा कुठेच नाही, हे मुलांनी आपणहून म्हटलं, मला सांगावं लागलं नाही.

तर तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. अशा आणखी घटना किंवा जागा सुचवा जिथे वेगवेगळे समाज एकाच कामात दिसतात. आणि दंगली, भांडणं, जातपात हे सगळं बारा वर्षांच्या मुलांपुढे किती आणि कसं काढायचं?

भोंगा_वाजला

ताई धागा फार आवडला, वाखूसा (वाचनखूण साठवली). माझे आजोबा लालबागला गिरणीत साचेवर (मागावर) होते म्हणून मी गिरणगावाबद्दल लिहितो.

लोक गिरणी म्हटलं की १८५४ आणि कावसजी दावर एवढं सांगून पुढे जातात. गिरणीच्या आत कोण कुठे उभं होतं हे सांगा मुलांना. विणखात्यात पगार चांगला, तिथे मराठे आणि मदनपुऱ्याचे मोमीन विणकर. दलित कामगार तिथे नाहीत, त्यांना सूतकताईच्या खात्यात ठेवलेलं. कारण काय, तर धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, त्यातलं सूत संपलं की नवीन कांडी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढायला लागायचं, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा म्हणजे विटाळ. एवढ्याशा भोकापायी हजारो माणसांना पिढ्यानपिढ्या कमी पगार. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. मुलांच्या हातात एक जुना धोटा द्या, आमच्या घरी आहे, हवा असेल तर मी आणून देईन. तो हातात घेतला की जातपात म्हणजे काय यावर वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

आणि खाणावळवाल्या बायकांना विसरू नका. गावाहून एकटा आलेला गडी एका खोलीत दहा-बाराजणांत राहायचा, पाळीप्रमाणे झोपायचा, आणि जेवायचा एखाद्या बाईच्या खाणावळीत महिन्याच्या उधारीवर. संप झाला की ही बाई उधारी थांबवायची नाही, म्हणून संप टिकायचे. रविवारची सुट्टी कुठून आली हेही सांगा, नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, १८८४ पासून मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला मिळाली. आज मुलं रविवारी खेळतात ती त्या सुट्टीवर.

दादर_पश्चिम

चांगला उपक्रम आहे पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नका. हे सगळं शिकवताना डॉक्टर गोव्याचा, लस ज्यूची, गिरणी पारशाची, गोदी बगदादहून आलेल्या ससूनची, आणि मराठी माणूस कुठे तर गिरणीत राबणारा नाहीतर गावाला पळणारा, असं चित्र तर नाही ना होणार? माझा मुलगा सहावीत आहे. त्याला असं वाटायला नको की हे शहर दुसऱ्यांनी उभारलं आणि आपण फक्त भाड्याने राहिलो. संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलंय या शहरात.

पानसुपारी

@दादर_पश्चिम, शंका रास्त आहे आणि ती टाळून शिकवलं तर मुलं घरी जाऊन हीच विचारतील.

पहिली गोष्ट, नाना शंकरशेट. रेल्वे आणायला ज्या मंडळींनी खटपट केली त्यात नाना आणि जमशेटजी जीजीभाई दोघेही होते, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्यामागे ही खटपट आहे. १८४९ च्या सुमाराला मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा नानांनी जागा दिली, समाजातल्या लोकांचा रोष पत्करून. डॉक्टर भाऊ दाजी लाड. अशी नावं कमी नाहीत.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मराठी म्हणजे आपण कोणाला धरतो? वसई, गोराई, माथारपाखाडीचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात मराठीच बोलतात, आणि १८८७ मध्ये त्यांनी ते नाव घेतलं तेच मुळी गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे हे सरकारला कळावं म्हणून. बाटली मसाला त्यांचा. कोकणी मुसलमानांची मातृभाषा मराठी-कोकणी, पायधुणी-काळबादेवीकडची जुम्मा मशीद त्यांनी १८०२ मध्ये पुरी केली, माहीमचे मखदूम अली माहिमी त्यांच्यातलेच मोठे विद्वान, आजही उरुसाला पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. बेने इस्रायल ज्यू, दिवेकर, पेणकर, रोहेकर. वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते १९३७-३८ चे महापौर बेने इस्रायलच. ही सगळी माणसं वजा करून मराठी माणूस शोधायला गेलो तर आपणच आपली संख्या कमी करतो. मुलाला हे सांगा, त्याची छाती फुगेल.

दादर_पश्चिम

हे पटलं. ईस्ट इंडियन आमच्या बिल्डिंगमध्येच आहेत, लग्नात मराठी गाणी म्हणतात, पण हे शाळेत कधी कोणी सांगितलं नाही मला.

अश्दोदहून

इस्रायलमधून लिहितेय, मराठी टायपिंग हळूहळू जमतंय. आमच्याबद्दल लिहिलंत म्हणून राहवलं नाही.

आई-बाबा साठच्या दशकात मुंबईहून इकडे आले. घरी अजून मराठी चालते, आईला हिब्रू येते पण चिडली की मराठीच निघते. आम्ही मूळचे अलिबागकडचे तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनवार तेली म्हणायचे. मांडवीची पहिली सिनेगॉग १७९६ ची, सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी बांधली, टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले म्हणून, असं आमच्यात सांगतात. तिथल्या सॅम्युअल स्ट्रीटला त्यांचंच नाव. तिला आसपासचे लोक जुनी मशीदच म्हणायचे आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं मोठी माणसं सांगायची.

मुलांना दाखवण्यासारखी एक गोष्ट सांगते. आमच्यात काही शुभ असलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं आणि सुकामेवा लावतात, आणि एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन प्रार्थना हिब्रूत. पोहे कोकणातले, प्रार्थना यरुशलेमची, आणि ताटाभोवती बसलेल्या बायका मराठीत सूचना देत असतात, अगं गूळ कमी पडलाय. हे मी इथे माझ्या नातवंडांना शिकवते. तुमच्या मुलांनाही नक्की करून दाखवा ताई, अवघड काही नाही. पण प्लीज पोशाख नका करू, आमचा वेगळा पोशाख असा नव्हताच, माझी आजी नऊवारी नेसायची.

फळा_खडू

@अश्दोदहून, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवू का? नाव न घेता.

अश्दोदहून

जरूर दाखवा. मुलांनी काही विचारलं तर इथे लिहा, मी उत्तर देईन.

डोल_आणि_जाळं

मी वरळी कोळीवाड्यातला. आमची एक तक्रार आहे ती मांडतो.

मुंबईचा इतिहास म्हटला की पहिल्या पानावर कोळी. सात बेटं, मुंबादेवी, मासेमारी, एक चित्र. दुसऱ्या पानावर पोर्तुगीज आले, १६६१ ला इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं, १६६८ ला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला, आणि तिथून पुढे कोळी गायब ते गायबच. म्हणजे शहर यायच्या आधी आम्ही होतो आणि शहर आल्यावर संपलो की काय? इथे तर पहाटे अजून होड्या निघतात. ससून डॉक १८७५ चा, तिथे आजही पहाटे लिलाव चालतो, तो बोलणाऱ्या बहुतेक आमच्या बायका. माशाचा भाव, उधारी, बर्फ, टेम्पो सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात. तो धंदा बायकांनी चालवला हे पुस्तकात का नाही?

आणि इतिहास चालू आहे. कोस्टल रोडचा पूल आमच्या तोंडाशी आला तेव्हा खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. आम्ही म्हटलं भरतीच्या वेळी वारा फिरला की बोट खांबावर आदळेल. आमचं म्हणणं १६०-२०० मीटरचं होतं. कित्येक महिने काम अडवलं, बैठका झाल्या, शेवटी १२० मीटर झालं. पूर्ण नाही मिळालं पण खांब हलवायला लावले. समुद्र कोणाला कळतो हा प्रश्न त्यात होता. ताई, मुलांना कोळीवाड्यात आणा, नकाशा घेऊन या, कुठे भराव घातला ते म्हातारी माणसं बोट ठेवून सांगतील. फक्त कोळीणीचा ड्रेस घालून आणू नका.

भोंगा_वाजला

+१. पहिल्या पानावरून गायब हे अगदी खरं. आणि कामाठ्यांचं तर पहिलं पानसुद्धा नाही. निजामाच्या मुलखातून आलेले तेलुगू बोलणारे बांधकाम मजूर, अर्धी मुंबई त्यांच्या हाताने चढली. कामाठीपुरा म्हटलं की वर्गात मुलं एकमेकांकडे बघून हसतात. ज्यांनी दगड वाहिले त्यांच्या नावाचं हे झालं. त्या हसण्यावर शिक्षकाने थांबायला पाहिजे, रागवायला नको, सांगायला पाहिजे.

जुनी_कागदपत्रं

एक मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. दानशूर पारशी, दानशूर ससून हे शिकवताना पैसा आला कुठून ते सांगणार की नाही? जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने हॉस्पिटल, पुढे कलाशाळा, त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशातून माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये, कंपनी सरकारने नाही म्हटल्यावर. हे सगळं खरं आणि मोठं आहे. पण ती संपत्ती बऱ्याच अंशी चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर आणि कापसावर उभी राहिली, ससून घराण्याचंही तेच. मुंबईत बांधलेल्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ चा ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला, तो अफूच्या युद्धानंतरचा. वाडियांच्या कारागिरांनी माझगाव-फोर्टच्या गोदीत सागवानाची इतकी पक्की जहाजं बांधली की १८१७ चं ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यात उभं आहे. कारागिरी अस्सल, आणि एका जहाजाचा उपयोग असा झाला. दोन्ही सांगा. नुसतं पहिलं सांगितलं तर मोठेपणी मुलाला कुठूनतरी दुसरं कळतं आणि मग त्याला सगळंच खोटं वाटायला लागतं. आठवीच्या मुलांना हे पेलतं, माझा अनुभव आहे.

पानसुपारी

सहमत, फक्त एक भर. अफूचा व्यापार एकट्या पारशांचा असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. मारवाडी, गुजराती, बगदादी, कोकणी नाखुदा (जहाजांचे मालक-कप्तान) आणि वरती खुद्द कंपनी, सगळे त्यात होते. एका समाजावर बोट राहिलं की वर्गातल्या त्या समाजाच्या मुलाने काय करायचं?

कुत्र्यांचा_वकील

भांडणांचं विचारलंत ना ताई, १८३२ ची गोष्ट घ्या. जूनमध्ये पोलिसांनी फोर्टात भटकी कुत्री मारायची मोहीम काढली. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान असतो त्यामुळे ते भडकले, पोलिसांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि त्यात नुसते पारशी नाहीत, हिंदू आणि जैन व्यापारी आले, मुसलमान आले, कुलाब्याच्या छावणीत जाणारं खाणं-पिणं अडवलं. कंपनीच्या राजवटीत बाजार बंद पाडून दाखवला. मुलांना कुत्री आवडतात, ती लगेच गोष्टीत शिरतात, आणि मग हळूच विचारायचं की जैनाला काय वाटलं असेल, खोजा दुकानदार का आला असेल, भीतीने की मनापासून?

त्याच शहरात १८५१ आणि १८७४ ला पारशी-मुसलमान दंगे झाले आणि १८९३ ला हिंदू-मुसलमान दंगल झाली, हेही सांगायचं. लपवू नका. पण मी एक पथ्य पाळतो, दंगलीची गोष्ट कधी एकटी सांगत नाही, त्याच लोकांनी दुसऱ्या वेळी एकत्र काय केलं ते त्याच तासाला सांगतो. आणि मेलेल्यांच्या आकड्याने सुरुवात करत नाही, अफवा कुठून उठली, कोणी पसरवली तिथून करतो. मुलांच्या फोनवर रोज तेच येतं.

धोबीतलाव

गोंयकारांचं थोडक्यात. धोबीतलावच्या जेर महालात गावागावांचे कूड (गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या) आहेत, खलाशी, आचारी, वाजवणारे मुंबईत आले की आपल्या गावच्या कुडात उतरायचे, एक पेटी ठेवायला जागा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. तियात्राचा (कोंकणी संगीत नाटकाचा) पहिला प्रयोग गोव्यात नाही, मुंबईत झाला, १७ एप्रिल १८९२. हिंदी सिनेमाच्या जुन्या गाण्यातलं व्हायोलिन आणि ट्रम्पेट ऐकवा आणि वाजवणारे कोण ते विचारा.

फळा_खडू

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मुख्याध्यापकांशी बोलले. स्टेजवरचा कार्यक्रम राहणार, पालकांना हवाय, पण यंदा पोशाख समाजाचे नाहीत, कामाचे. धोटा हातात घेतलेला साचेवाला, लिलाव बोलणारी बाई, खाणावळवाली, जहाजाचा सुतार, प्लेगच्या पथकातला डॉक्टर, मैला उचलणारा. या शेवटच्याला कोण तयार होणार अशी धाकधूक होती, तर ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता तिनेच मागून घेतलं. तिच्या घरी मी आधी फोन केला, आई म्हणाली करू दे.

आता एक दिवसाची सहल. चाळीस मुलं, लोकलने, फार चालायचं नाही. मशीद बंदर की भायखळा?

जुनी_कागदपत्रं

चाळीस मुलं घेऊन मशीद बंदरला नको, हातगाड्यांमधून मुलं मोजताच येणार नाहीत. भायखळा करा. स्टेशनवरून आधी राणीची बाग, आत भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ चं, शेजारी डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा टॉवर. संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांचे मातीचे छोटे पुतळे आणि पगड्या आहेत. तिथे थांबून मुलांना विचारा की माणसांना असं काचेच्या कपाटात पोशाखावरून कोण लावत होतं आणि का, तुमच्या पहिल्या पोस्टचा सगळा मुद्दा त्या कपाटासमोर उभं राहून बोलता येईल. मग पुलांच्या मधला खडा पारशी हा पुतळा, आणि तिथून मागेन डेव्हिड सिनेगॉग, निळी, उंच मनोऱ्याची, शेजारच्या ज्यू शाळांमध्ये आता बहुतेक मुलं मुसलमान आहेत. सिनेगॉगला आधी लेखी परवानगी काढा, आयत्या वेळी सोडत नाहीत.

डोल_आणि_जाळं

आणि बुधवार धरू नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतं. कोळीवाड्याला वेगळा दिवस ठेवा, भरती-ओहोटी बघून मी तारीख कळवतो.